शंभरात किती?

(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेचे अकरावे पुष्प)



पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘स्तनाचा कर्करोग आणि किरणोपचार’ असा छापला आहे. तो चुकीचा नाही; परंतु मला बोलायचे आहे ते त्यातील एकाच निर्णयाविषयी. शस्त्रक्रियेने स्तन काढून टाकल्यावर, जखम भरून आल्यावर, छातीच्या भिंतीवर आणि गळ्याच्या हाडाजवळ किरण घ्यावेत की घेऊ नयेत, आणि त्याहूनही अधिक अगत्याने, हा फैसला कोणी, कोणासमक्ष आणि कोणते कागद पुढे ठेवून करावा, एवढाच माझा आजचा मामला आहे. रोंटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले आणि थोड्याच अवधीत वैद्यांनी ते कर्करोगावर योजून पाहिले, हा इतिहास आपण शाळेत शिकलेला आहे. गाठ हाताला कशी लागते, काखमांजरी म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष का होते, हेही याच मालेत आपण ऐकलेले आहे. तेव्हा त्या वाटेने मी जात नाही.

तीस वर्षे माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीवरून मला एकच प्रश्न येत राहिला. आमच्याकडे किरणोपचार हा शब्द कोणी उच्चारीत नाही. कोणी ‘लाइट’ म्हणतात, कोणी ‘शेक’ म्हणतात. प्रश्न असा की, ‘डॉक्टरीणबाई, सगळं काढलं ना? मग आता लाइट कशाला?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अत्यंत तर्कशुद्ध आहे, आणि त्याचे उत्तर मला एका शेतकऱ्यानेच दिले. तो म्हणाला, ‘म्हणजे हरळीसारखं.’ रान नांगरले, हरळी उपटली, बांधावर ढीग घालून पेटवली, तरी मातीत राहिलेल्या बोटभर काशांतून पहिल्या पावसाला ती पुन्हा डोके वर काढते. म्हणून शहाणा शेतकरी नांगरटीनंतर बायकामाणसांना काशा वेचायला लावतो. शल्यविशारदाची सुरी ही नांगरट, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या काशांसाठी किरण. (सभागृहात मागच्या बाजूने ‘बरोबर!’) बरोबर खरे, पण प्रत्येक रानात हरळी असतेच असे नाही, आणि ज्या रानात ती नाही तेथे वेचणारणींचा रोजगार व्यर्थ जातो, वर पिकालाही इजा होते. सगळा प्रश्न येथेच आहे.

रान कसे ओळखावे? शस्त्रक्रियेच्या वेळी काखेतील लसिकाग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि अहवालात दोन आकडे लिहितात: किती ग्रंथी तपासल्या, आणि किती ग्रंथींत रोग सापडला. चार किंवा अधिक ग्रंथींत रोग असेल, अथवा मूळ गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असून ग्रंथींतही रोग असेल, तर किरण घ्यावेत याविषयी आमच्यात फारसा वाद नाही. गाठ लहान आणि ग्रंथी निर्मळ असतील, तर सामान्यतः घेऊ नयेत. वाद आहे तो एक, दोन, तीन या आकड्यांचा, आणि तो आजही मिटलेला नाही.

ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी १९६४ ते १९८६ या काळात सुरू झालेल्या २२ चाचण्यांतील ८,१३५ स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून २०१४ साली ताळेबंद मांडला. त्यात काखेची पुरती शस्त्रक्रिया झालेल्या आणि एक ते तीन ग्रंथींत रोग असलेल्या १,३१४ स्त्रिया होत्या. त्यांपैकी किरण न घेतलेल्या शंभरांत सुमारे वीस जणींचा रोग दहा वर्षांच्या आत छातीवर किंवा आसपास परतला. घेतलेल्या शंभरांत सुमारे चौघींचा. वीस वर्षांत या रोगाने दगावल्या त्या शंभरांत पन्नास आणि बेचाळीस. हे वाचून कोणीही म्हणेल, मग विचारायचे काय? पण थांबा. या स्त्रियांना आजची औषधे मिळालेली नव्हती. अलीकडे, २०२५ साली, ‘सुप्रीमो’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मध्यम जोखमीच्या १,६०७ स्त्रिया होत्या, आणि आधुनिक औषधांच्या जोडीने छातीच्या भिंतीवर किरण घेतलेल्यांपैकी दहा वर्षांनी ८१.४ टक्के हयात होत्या, तर न घेतलेल्यांपैकी ८१.९ टक्के. छातीच्या भिंतीवर रोग परतला तो १.१ टक्के आणि २.५ टक्के. दोन्ही कागद खरे आहेत. आपल्यासमोरची बाई यांपैकी कोणत्या कागदातल्या बायकांसारखी आहे, तिला औषधे पुरती मिळाली का, तिच्या ग्रंथी चौदा तपासल्या की चारच, याची रुजुवात झाल्याखेरीज निकाल देता येत नाही.

आणि आता मी त्या गोष्टीकडे येते, जी सांगण्यासाठी, खरे बोलायचे तर, मी हे निमंत्रण स्वीकारले.

२००० सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस माण तालुक्यातील एका गावची बाई माझ्याकडे आली. वय एकेचाळीस. स्तन काढून झालेला, टाके सुकलेले, केमो चालू झालेली. काखेतल्या ग्रंथींपैकी तिहींत रोग. बरोबर दीर होता. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, शिवून केलेल्या एका मोठ्या पिशवीत त्याने सगळे कागद नीट घातले होते, आणि ती पिशवी त्याच्या हातून एकदाही तिच्या हाती गेली नाही. तपासणी झाल्यावर त्याने मला खुणेने बाहेर बोलावले, आणि मी गेले. त्या काळचा आमचा शिरस्ताच तो होता: रोग्याला आत बसवायचे आणि रोग बाहेर, व्हरांड्यात, नातेवाइकाच्या हवाली करायचा. तो म्हणाला, ‘वहिनीला काय सांगू नका, ती घाबरट आहे.’ मी त्याला सांगितले की केमो संपल्यावर लाइट घ्यावा असे माझे मत आहे; पंचवीस सिटिंग, पाच आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी, शहरात राहावे लागेल. तो भला माणूस होता, हे मी आवर्जून सांगते. तिच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने स्वतःची म्हैस विकली होती. पेरणी तोंडावर आली होती, घरात दुसरे कोणी नव्हते. ‘घरी विचारून कळवतो,’ म्हणाला. मी एका कागदावर माझा सल्ला लिहून दिला. तो कागद पिशवीत गेला. बाकावर बसलेल्या त्या बाईने आमच्याकडे पाहिले, आणि मी तिच्याकडे पाहून हसले. ते हसणे मला आजही टोचते.

दोन वर्षे आणि काही महिन्यांनी ती आली, या वेळी एकटी. पदर बाजूला केला तेव्हा टाक्यांच्या रेषेवर मोहरीएवढे तांबूस दाणे होते, सात किंवा आठ. मी काही बोलण्याआधी तिने कमरेच्या पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. घडीवर फाटत आलेला, माझ्याच अक्षरातला. पत्र्याची पेटी आवरताना तो तिच्या हाती लागला होता. ती म्हणाली, ‘हे माझ्याबद्दल लिवलंय न्हवं? मग मला का न्हाई दिलं?’

मी तिला म्हटले, दीर म्हणाले तुम्ही घाबराल. तेव्हा मला कळले की ही बाई गावच्या दूध संकलन केंद्रावर नऊ वर्षे हिशेब लिहीत होती. सकाळ-संध्याकाळ सत्तर खातेदार, प्रत्येकाचे लिटर, फॅट, त्याप्रमाणे दर, आणि दहा दिवसांचा पगार. एका पैशाची तक्रार कधी झाली नव्हती. ती म्हणाली, ‘आकडे मला कळले नसते व्हय? शंभरात किती, तेवढंच सांगायचं हुतं.’

त्या वेळी डेन्मार्कमधील स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन पाच वर्षे लोटली होती. १९९७ सालचा तो लेख माझ्या टेबलाच्या खणात होता, आणि व्हरांड्यात मी त्या दिराशी बोलत होते त्या दिवशीही तेथेच होता. मी तो काढला आणि तिला सांगितले की पाळी न गेलेल्या, केमो घेतलेल्या बायकांत, लाइट न घेतलेल्या शंभरांपैकी बत्तीस जणींत दहा वर्षांत रोग छातीवर वा जवळपास परतला, घेतलेल्यांत नऊ जणींत; आणि दहा वर्षांनी जिवंत होत्या त्या पंचेचाळीस आणि चोपन्न. तिने बोटांच्या पेरांवर मोजले नाही, तोंडाने पुटपुटली नाही. ‘तेवीस बायका,’ म्हणाली. थोडे थांबून, ‘मी पाच आठवडे राहिले असते. दिराची पेरणी माझ्या भावानं करून दिली असती.’ भाऊ आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

ती त्या तेवीस जणींपैकी होती, की किरण घेऊनही ज्यांचा रोग परतला असता त्या नऊंपैकी, हे कोणीही सांगू शकत नाही. तिने पुढचे उपचार घेतले, या वेळी लाइटही, आणि आणखी साडेतीन वर्षे काढली. त्यांतले दीड वर्ष केंद्रावर परत बसून.

(येथे तिसऱ्या रांगेतील एका शल्यविशारदांनी उभे राहून, एका सकाळी ऐंशी रुग्ण तपासणाऱ्याने प्रत्येकीला हे आकडे केव्हा सांगायचे, अशी पृच्छा केली.) आपला प्रश्न रास्त आहे, आणि आपण दमलेले आहात हे मला आपल्या आवाजावरून कळते, मीही तशाच सकाळी काढल्या आहेत. पण व्हरांड्यात दिराशी बोलायला मला सात-आठ मिनिटे लागली होती. वेळ होताच, तो भलत्या माणसाला दिला गेला. माझी तजवीज अगदी साधी आहे. मराठीत एक पान: तपासलेल्या ग्रंथी किती, रोग असलेल्या किती, मूळ गाठ केवढी, औषधे कोणती, त्याखाली किरण घेतले तर शंभरात किती, न घेतले तर शंभरात किती. ते पान बाईच्या हाती द्यायचे, आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलवायचे. (श्रोत्यांतून: ‘म्हणजे रोगाचा सातबारा!’ हशा.) अगदी नेमका शब्द दिलात, आणि हसू नका, जमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून आपण इतकी खटपट करतो, मग तिच्याच देहाच्या उताऱ्यावर कब्जेदार म्हणून दुसऱ्याचे नाव का असावे?

हे पान लिहू लागल्यापासून काही जणींनी मला नकारही दिला आहे. एका निवृत्त शिक्षिकेच्या एकाच ग्रंथीत रोगाचा अंश होता, औषधे उत्तम लागू पडत होती. आठ दिवसांनी येऊन त्या म्हणाल्या, ‘शंभरात एवढ्याशा फरकासाठी मी हृदयावर किरण घेत नाही.’ त्यांच्या नकाराखाली सही करताना माझा हात अडखळला नाही.

चिटणीसांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे. तर किरणांच्या उण्या बाजूविषयी थोडक्यात. डाव्या बाजूचे किरण हृदयाजवळून जातात. हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेच्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) हृदयविकाराचा धोका सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो, असे २०१३ साली दिसून आले. ही वाढ मूळ धोक्याच्या प्रमाणात आहे. ज्या बाईचा मूळ धोका थोडा, तिची वाढही थोडी, आणि तंबाखू-मिश्री लावणाऱ्या बाईचा हिशेब निराळा. दीर्घ श्वास रोखून धरून किरण घेतले तर हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरते; ही सोय आहे का, विचारा. काखेची शस्त्रक्रिया आणि वर किरण, यांनी हात सुजू शकतो. सकाळी बांगडी चढेनाशी झाली, तर त्याच दिवशी दाखवा, महिन्याने नव्हे. किरण घेताना हात डोक्यावर नेऊन निश्चल पडावे लागते. म्हणून टाके सुकताच भिंतीवर बोटे चालवीत हात वर नेण्याचा व्यायाम सुरू करा. किरणांचे यंत्र अंगाला लागत नाही, घेताना भाजत नाही. जड दार बंद होते आणि काही मिनिटे खोलीत एकटे राहावे लागते, त्याची मात्र बायकांना भीती वाटते, ती आधी सांगून ठेवली तर निम्मी होते. आणि पूर्वीचे पाच आठवडे आता बहुतेक ठिकाणी तीनवर आले आहेत, पंचवीसऐवजी पंधरा सिटिंग. मुंबईला जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पेरणीची अडचण ही त्यामुळे पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही.

श्रोत्यांकडून आलेल्या चिठ्ठ्यांपैकी अध्यक्षांनी एकच घेण्याची परवानगी दिली आहे. ‘आईचे ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. केमो नको असे सांगितले आहे. रिपोर्टमध्ये चौदापैकी दोन लिहिले आहे. उशीर झाला का?’ नाव लिहिलेले नाही, ते ठीक आहे. केमो नसेल तर साधारण आठ आठवड्यांच्या आत किरण सुरू करण्याचा आमचा प्रघात आहे. उशीर झालेला नाही, पण उद्याचा दिवस घालवू नका. चौदा तपासल्या, हे चांगले झाले. बाकी दोन गोष्टी, मूळ गाठ केवढी आणि औषधे कोणती, कळल्याशिवाय मी येथून मत देणार नाही. सभा संपल्यावर मी पायऱ्यांजवळच्या बाकावर बसते. आई बरोबर आल्या असतील तर रिपोर्ट घेऊन त्यांनाच पाठवा.