अण्णा गाडीत जे म्हणाले होते

आजचा भाग रेकॉर्ड करायला मी दोन महिने टाळाटाळ केलीय. विषय मरणाचा नाही, मरणाच्या थोडं आधीचा आहे. आपण शुद्धीत नसू, बोलू शकत नसू, तेव्हा आपल्यावर कोणते उपचार करायचे आणि कोणते नाहीत, हे कोणी ठरवायचं?

आमच्या अण्णांपासून सुरुवात करतो. २०१९ साली त्यांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मला आयसीयूच्या बाहेर गाठलं. म्हणाले, व्हेंटिलेटरची नळी तोंडातून फार दिवस ठेवता येत नाही, आता गळ्याला छेद देऊन बसवावी लागेल. मी विचारलं, शुद्धीवर येतील? ते म्हणाले, शक्यता फारच कमी. आणि फॉर्म पुढे केला.

खरं तर अण्णांनी मला सांगून ठेवलं होतं. त्यांचे एक मित्र महिनाभर नळ्या लावून पडलेले, त्यांना भेटून आम्ही नाशिकला परत येत होतो. गाडीत म्हणाले, "मला असं ठेवू नकोस रे." एवढंच. लगेच पुढे, टोलला सुटे आहेत का?

हे मी ताईला फोनवर सांगितलं. ती न्यू जर्सीत. ती म्हणाली, "मला तर कधी बोलले नाहीत. तू म्हणतोस म्हणून थांबवायचं?" तिचं काय चुकलं सांगा! आईला तर काही सुचतच नव्हतं. मी सही केली. अण्णा आणखी तेवीस दिवस होते, काचेच्या पलीकडे. त्यानंतर वर्षभर ताई आणि मी फक्त बँकेच्या कागदांपुरते बोललो.

तुम्हाला अरुणा शानबाग आठवत असतील. केईएममधल्या परिचारिका, १९७३ साली हल्ला झाला, आणि २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणाचा निकाल दिला तेव्हा त्यांच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाचा, हाही एक प्रश्न होता. याचिका करणाऱ्या लेखिकेचा, की इतकी वर्षं त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा? न्यायालयानं केईएमचं ऐकलं. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे विचारायची सोयच उरली नव्हती.

पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की सन्मानानं मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. यालाच लिव्हिंग विल म्हणतात. मृत्युपत्राशी घोळ करू नका, ते घरादाराचं. आणि इंजेक्शन देऊन मारणं, ते आजही गुन्हाच आहे. इथे फक्त मरण लांबवणारे उपचार नाकारायचे असतात. वेदनेवरचं औषध, स्वच्छता, काळजी, हे सगळं चालूच राहतं.

तेव्हा त्या कागदावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी त्या वाटेला जात नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं झालं. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपल्या वतीनं कोण बोलणार त्याचं नाव लिहायचं, एकापेक्षा जास्त नावंही चालतात. मत बदललं तर कागद बदलता येतो. आणि वेळ आली तरी एकटा मुलगा किंवा एकटा डॉक्टर काही ठरवत नाही. आधी तीन डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं.

हे सगळं वाचून मी आईकडे गेलो. आई चौऱ्याहत्तरची, दमेकरी. तिची तयारी म्हणाल तर कपाटात शेवटची साडी वेगळी ठेवलीय, तेराव्याच्या खर्चाची एफडी आहे, जेवणात जिलबी नको हेसुद्धा सांगून झालंय. पण आयसीयूचं नाव काढल्यावर म्हणाली, "शुभ बोल रे नाऱ्या!" आणि उठून कुकर लावायला गेली.

मग मी कायदा बाजूला ठेवला. आठवडाभरानं, भाजी निवडताना विचारलं, "आई, अण्णांचं आपण बरोबर केलं का?" बराच वेळ ती मेथीच खुडत होती. मग म्हणाली, "मी बोलायला हवं होतं." आणि त्या दुपारी ती बोलली. न्यूमोनिया झाला तर दवाखान्यात न्या, चार दिवस मशीन लावावं लागलं तरी लावा, बरी होणार असेन तर. पण माणसं ओळखू येणार नसतील आणि डॉक्टर हात टेकत असतील, तर घरी आणा. माझ्या खोलीत, खिडकीपाशी. नाकातून नळीनं भरवू नका.

असं कुठल्याही छापील फॉर्मवर मिळत नाही बरं का. फॉर्मवर हो-नाहीच्या चौकटी असतात.

वतीनं बोलायला कोण, विचारलं तर तिनं माझ्या बायकोचं नाव घेतलं. मला लागलं, खोटं कशाला बोलू? म्हणाली, "तू रडशील आणि ते म्हणतील तिथे सही करशील. ती नीट ऐकून घेईल." ताईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली. लेक असताना सून? शेवटी आईनं दुसरं नाव ताईचं घातलं, आणि हे तिला मी नाही, आईनंच सांगितलं. ते महत्त्वाचं होतं.

मागच्या महिन्यात नोटरी झाली. साक्षीला शेजारचे काका आणि आईच्या भजनी मंडळातल्या एक बाई. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक गॅस बुकाच्या फाइलमध्ये, कारण घाईत ती फाइल सगळ्यांना सापडते. एक महापालिकेत द्यायचीय. राज्य सरकारनं स्थानिक संस्थांमध्ये हे कागद सांभाळायला अधिकारी नेमलेत, पण आमच्याकडचे कोणत्या खिडकीवर बसतात हे शोधायला एक सकाळ काढावी लागेल.

ताईलाही स्कॅन करून पाठवलं. दोन दिवस काही नाही. मग तिचा मेसेज आला, "अण्णा तेव्हा गाडीत नक्की काय म्हणाले होते, परत सांग."

रविवारी तिला फोन करणार आहे. भेटू पुढच्या भागात.