नाडगावची लेक विधानसभेत



आपल्या बोदवडच्या शेजारचं नाडगाव. तिथं १९ डिसेंबर १९३४ रोजी प्रतिभाताई पाटील जन्मल्या. जळगावात शिकल्या, तिथल्याच कोर्टात वकिली केली. १९६२ साली जळगावकरांनी त्यांना आमदार केलं, तेव्हा वय अवघं सत्तावीस! पुढं एदलाबादनं, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरनं, त्यांना चारदा निवडून दिलं. १९८५ पर्यंत त्या सभागृहात होत्या. उपमंत्री झाल्या, मंत्री झाल्या, १९७९ साली विरोधी पक्षनेत्याही झाल्या. २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

आम्ही विचारतो, ही १९६२ ची निवडणूक कसली होती? संयुक्त महाराष्ट्राची ती पहिली निवडणूक! हे राज्य कुणी खुशीनं दिलेलं नाही. मुंबईच्या रस्त्यांवर हुतात्म्यांचं रक्त सांडलं, तेव्हा १ मे १९६० उजाडला. ताई ज्या काँग्रेसच्या, तिच्याच सरकारच्या त्या गोळ्या होत्या, हेही आम्ही लपवत नाही. त्याच काँग्रेसच्या राज्यात मराठी राजभाषेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९६५ ला लागू झाला, हेही सांगतो.

भाषिक राज्य कशासाठी? खेड्यातल्या माणसाचं गाऱ्हाणं त्याच्याच भाषेत सभागृहात पोचावं म्हणून. लेकीचा अभिमान आम्हांला आहेच. पण नुसत्या पदांच्या आरत्या ओवाळून शेताला पाणी मिळत नाही! आमदार कुणाही पक्षाचा असो. कपाशीच्या भावाचा, पाण्याचा, शाळेचा हिशोब त्याला भर सभेत मराठीतून विचारा. विचाराल तरच हे राज्य तुमचं!

जय महाराष्ट्र!