पाय न हलवता वाह

जळगाव-धुळ्याकडच्या वरातीत पिकअप लावलेला बँजो वाजतो. तो किंवा गिटार ऑटो-वाह पेडलमधून नेली, की सूर तोंड उघडमीट केल्यासारखा ‘वाव-वाव’ करू लागतो. साध्या वाहमध्ये हे काम पाऊल करतं, इथं वादकाचा आघात. पेडलमधलं सर्किट आवाजाचा चढउतार टिपून त्यानुसार फिल्टर हलवणारं व्होल्टेज बदलतं. तार जोरात छेडली की फिल्टर वरच्या कंपनसंख्येकडे सरकतो, नाद विरताच खाली येतो. असं म्यु-ट्रॉन थ्री पेडल अमेरिकेत १९७२ मध्ये आलं. वर्षभरात स्टीव्ही वंडर यांनी त्यातून क्लॅव्हिनेट हे विजेवरचं कीबोर्ड वाद्य वाजवलं. आणि हो, आवाजाचे चढउतार सपाट करणारा कॉम्प्रेसर ऑटो-वाहच्या आधी जोडू नका. सगळे आघात सारखेच झाले, तर फिल्टर हलणार कशावर?