टोपलीची किंमत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या हिशेबनीसांनी केलेले भाषण)



'एमबीए करून तुम्ही इकडे कसे आलात, ते सांगा,' असे मला सांगण्यात आले आहे. हा प्रश्न लोक अशा सुरात विचारतात की, जणू मी चुकीच्या मांडवात जेवायला बसलो आहे. फार मोठा विचार करून मी आलो नाही. दोन विषय आणि दोन शिक्षक यांनी मला इकडे ढकलले.

पहिला विषय कॉस्टिंगचा. तास दुपारच्या जेवणानंतर असे, त्यामुळे अर्धा वर्ग पेंगत असे. एके दिवशी सर बांबूची टोपली घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "ही बनवायला काय खर्च आला असेल?" आम्ही बांबू, रंग, गाडीभाडे असे भराभर सांगितले. सर फळ्यावर लिहीत गेले. मग त्यांनी विचारले, "बांबू तोडायला रानात कोण गेलं? किती वेळ चाललं? कामट्या कोणी काढल्या? ती बाई विणायला बसली तेव्हा तिच्या घरचं पाणी कोणी भरलं?" प्रत्येक तासाला साधी शेतमजुरी लावली, तरी आकडा बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट झाला. "मग हा फरक कोण भरतं?" सरांनी विचारले. कोणी बोलले नाही. घंटा झाली, सर टोपली काखेत मारून निघून गेले. सूत्रे मी बरीच विसरलो, ती टोपली मात्र विसरलो नाही.

दुसरा विषय संस्था कशा चालतात याचा. तो शिकवणाऱ्या मॅडम पुस्तक कमी उघडत आणि माणसांविषयी जास्त बोलत. त्यांच्याकडून मी रवि मथाई हे नाव ऐकले. स्वतंत्र भारताचे पहिले रेल्वेमंत्री आणि पुढे अर्थमंत्री झालेले जॉन मथाई, त्यांचे हे चिरंजीव. 1965 मध्ये ते अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. संस्था नावारूपाला आली आणि 1972 मध्ये त्यांनी आपण होऊन ते पद सोडले. संस्था सोडली नाही. तिथेच साधे प्राध्यापक म्हणून राहिले. आपल्याकडे मंडळाच्या खजिनदाराची खुर्चीसुद्धा सहज सुटत नाही, हे आपण सारे जाणतो!

पुढे 1975 च्या सुमारास ते राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा भागात गेले. दुष्काळी मुलूख, सुमारे 200 गावे. इथे विकासाला आधार देईल असे काहीच नाही, असे सरकारी मत. मथाई आणि त्यांचे सहकारी म्हणाले, माणसे आहेत ना. तिथे विणकर होते, चामड्याचे काम करणारे होते. अहमदाबादच्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेची मंडळी मदतीला आली. गालिचे आणि चामडी पिशव्या तयार होऊ लागल्या. पण माल हा मुख्य हेतू नव्हता. कारागिराने स्वतः बँकेत बोलावे, स्वतः गिऱ्हाइकाशी भाव करावा आणि बाहेरून आलेल्या माणसांची गरज संपावी, असा तो प्रयोग होता. 1984 मध्ये मथाई वारले. कारागिरांची संघटना त्यांच्यानंतरही चालत राहिली.

परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते. म्हणून पुढचे सांगायला जरा लाज वाटते.

पेठ तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर महिलांचा गट सुरू झाला, तेव्हा नाशिकच्या एका दुकानाची 120 टोपल्यांची मागणी मी मिळवली. दर मीच ठरवला, सरांनी शिकवल्याप्रमाणे रानातली पायपीट धरून. बिल मी केले, माल मी पोचवला, फोन मीच केले. दुकानदाराने 30 टोपल्या आकार सारखा नाही म्हणून परत पाठवल्या. मी त्या पाड्यावर घेऊन गेलो. बाया विचारू लागल्या, "दादा, दुकानवाला काय म्हणाला? त्याला कसली पाहिजे होती?" त्यांनी ते दुकान कधी पाहिलेच नव्हते. मधे मी उभा होतो.

पुढच्या खेपेला दोघींना एसटीने नाशिकला नेले. मी बाजूला उभा राहिलो, आणि हे फार अवघड काम आहे. गटातल्या मावशींनी दुकानदाराकडे माप मागितले, सुतळीला गाठी मारून घेतल्या. त्याने भाव पाडून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "या भावात होत नाही," आणि टोपली उचलून सरळ चालू लागल्या. माझ्या पोटात गोळा आला. त्याने परत बोलावले, पण मागणी दिली निम्मीच. त्या वर्षी गटाचे उत्पन्न घटले. आपल्यापैकी काहींनी मला पत्राने त्याचे कारण विचारले होते. ते कारण हे. नंतर कोणताही नग परत आला नाही.

आपल्या देणगीतून यंदा नवे यंत्र घ्यावे, अशी सूचना आली आहे. माझी विनंती वेगळी आहे. तो पैसा गटाच्या एसटी भाड्याला आणि बाजारात गेल्या दिवसांच्या बुडालेल्या मजुरीला द्यावा. फोटोत दाखवण्याजोगे त्यात काही नाही, हे मला कळते.

बँक खात्यावर दोन बायांबरोबर अजून माझीही सही लागते. ती काढण्याचा अर्ज पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. "अर्ज मी लिहून देतो," असे मी म्हणालो, तर मावशी म्हणाल्या, "नको दादा, माझी पोरगी लिहील."