फोटो हलत नाही, पण बोलतो

(डिचोलीत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पेडण्याचा, राज्यशास्त्र शिकतो. आज मोठा सिद्धांत वगैरे सांगणार नाही. मोबाईल, दहा-पंधरा जुने फोटो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज, एवढ्यावर पाच मिनिटांचा व्हिडिओ कसा होतो ते सांगतो.

आधी, हे करायचं कशाला? 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तिथे हुतात्मा झाले. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्याला विचारायला आपल्याकडे किती दिवस उरलेत?

इथलंच मये घ्या. मुक्तीनंतर कित्येक दशकं तिथल्या लोकांची घरं नि शेतं सरकारदरबारी ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ म्हणून राहिली. त्यावर कायदा झाला 2014 साली. या लढ्यात धावपळीची दृश्यं कुठून मिळणार? आहेत ते कागद, पावत्या, घराचे जुने फोटो. म्हणजे आपला पुरावाच स्थिर आहे, आणि आपलं माध्यमही त्याला साजेसं हवं.

हे काही परदेशातून आलेलं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. कागदावरची चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीनं कथा सांगायची. चित्र जागचं हलत नाही, माणसं मात्र हलत नाहीत तिथून! ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना 2021 साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीकरांनी या कलेला आश्रय दिला, आणि आपलं पेडणंही 1788 पर्यंत त्यांच्याच अमलाखाली होतं. तिकडे फ्रान्समध्ये क्रिस मार्करनं 1962 साली ‘ला जेते’ हा जवळजवळ अर्ध्या तासाचा चित्रपट केला, तोही एक छोटा क्षण सोडला तर सगळा स्थिर फोटोंचा.

आता कृती. पहिल्यांदा आवाज. पंखा बंद, खिडक्या बंद, मोबाईल बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर. तासभर बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका. मग त्यातली चार-पाच मिनिटं निवडा. फोटो नंतर, आवाजाच्या मापानं. एक फोटो सहा-सात सेकंद धरला तर पाच मिनिटांना चाळीस-पन्नास चित्रं लागतात. घाबरू नका! एकाच फोटोतून तीन-चार चित्रं निघतात: आधी पूर्ण घोळका, मग एक चेहरा, मग हातातला झेंडा. फोटो काचेतून काढून खिडकीशी उजेडात ठेवा, फ्लॅश नको. हालचाल एवढीच की चित्र सावकाश जवळ येईल किंवा बाजूला सरकेल. कागद दाखवताना तर थांबूनच राहा, लोकांना तारीख आणि सही वाचता आली पाहिजे.

एक चूक सांगतो, माझीच. पहिल्या व्हिडिओत फोटो कमी पडले म्हणून नेटवरून एका मोर्चाचा फोटो उचलून पत्रादेवीच्या निवेदनावर लावला. शेजारचे आजोबा बघून म्हणाले, "ही पत्रादेवी न्हय रे बाबा. हंय दर्या खंयसून इलो?" मागे खरंच समुद्र होता. व्हिडिओ त्याच रात्री काढून टाकला. सीमाभागात आपण हक्काची भाषा बोलतो, तेव्हा एक खोटा फोटो सापडला की समोरचा बाकीचे पन्नास खरेही झटकून टाकतो. म्हणून फोटो त्या जागेचा नसेल तर पडद्यावर तसं लिहा. फोटोच नसेल तर काळा पडदा ठेवा, आवाज चालू द्या. आणि आता मेलेल्या माणसाचे ओठ हलवणारी ॲप्स आलीत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आजोबा जे बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार नातवालाही नाही. घरच्यांची परवानगी तर आधीच घ्यायची.

शेवटचा प्रश्न भाषेचा. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली गेली. त्या जागेसाठी आपण भांडतो आणि भांडत राहू. पण आजी पेडण्याच्या बोलीत सांगत असेल तर तिला शुद्ध मराठी बोलायला लावू नका. निवेदन मराठीत करा, खाली मराठी अक्षरं द्या, तिचा आवाज तसाच राहू द्या. मराठीचा आग्रह धरताना आजीचं तोंड बंद झालं, तर आपण नक्की कोणाचा हक्क मागतोय?

तर या रविवारी एवढंच करा. घरातली फोटोंची पेटी उघडा, एक फोटो काढा, आणि म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून विचारा, "यात कोण कोण आहे?" मोबाईलचं रेकॉर्डिंग मात्र आधी चालू करा.