स्वस्तातला कॅम



काल या व्यासपीठावर संतसाहित्य झालं, उद्या अर्थसंकल्प आहे, आणि मध्ये आज मी तेलकट फडक्यात गुंडाळलेला लोखंडाचा दांडा घेऊन उभा आहे. 'मोटारीच्या इंजिनाला स्वस्तातला परफॉर्मन्स कॅम कसा निवडावा' हा विषय मी फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. मग संयोजकांनी विचारलं, "लोक येतील का हो?" मी म्हटलं, ज्यांच्या घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा आणि जुनी मारुती एस्टीम आहे, ते सगळे येतील. पुढच्या दोन रांगा बघता अंदाज फार चुकलेला दिसत नाही.

मागच्यांना दिसावा म्हणून उंच धरतो. हा चार सिलिंडरच्या, आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट. गोल दांड्यावर हे आठ उंचवटे आहेत ना, त्यांना लोब म्हणायचं. आडवा छेद घेतला तर प्रत्येक लोब अंड्यासारखा दिसेल. अंड्याचं टोक रॉकरखाली, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या तरफेखाली, आलं की व्हॉल्व्ह उघडतो, टोक निघून गेलं की स्प्रिंग त्याला परत मिटवते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. सहा हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला शंभर वेळा फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदात पन्नासदा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वरून खाली येत हवा ओढतो त्या अर्ध्या फेऱ्याला मिळतात पाच मिलिसेकंद. हेच इंजिन आठशेवर आयडलिंगला असताना त्याच कामाला साडेसदतीस मिलिसेकंद असतात. आजचं सगळं व्याख्यान या दोन आकड्यांमधल्या फरकाचं आहे.

गणपतीत मंडईजवळच्या एखाद्या मोठ्या मांडवाची रांग आठवा. दार उघडल्याबरोबर मागची माणसं लगेच हलत नाहीत, लोंढ्याला वेग यायला वेळ लागतो. आणि एकदा वेग आला की स्वयंसेवकाने दोरी आडवी धरली तरी आठ-दहा जण आत घुसतातच. हवेचं तंतोतंत असंच आहे. म्हणून इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचण्याच्या थोडा आधी उघडतात, आणि पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी लगेच मिटत नाहीत. वेगात आलेली हवा त्या उशिरात आणखी थोडी कोंबली जाते. पण गर्दी नसेल, रांग रमतगमत चालली असेल, तर? दार उघडं राहिलं की आलेली माणसं परत बाहेर येतात. कमी आरपीएमला वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण मॅनिफोल्डमध्ये परत ढकलतो.

क्रँक फिरताना व्हॉल्व्ह त्याचे किती अंश उघडा राहतो, त्याला ड्युरेशन म्हणतात. किती मिलिमीटर उघडतो, ती लिफ्ट. आणि एक्झॉस्ट मिटायच्या आधीच इनटेक उघडतो, दोन्ही दारं एकदम उघडी असतात, तो काळ म्हणजे ओव्हरलॅप. बाहेर पडणारा लोंढा आतल्यांना आपल्यामागे ओढतो, हा त्याचा फायदा. सिग्नलला उभी असलेली मॉडिफाय गाडी खाकरत, अडखळत धडधडते, तो आवाज ओव्हरलॅपचा. आमच्या तरुण मित्रांना तो फार आवडतो. एखाद्याला दम्याचा आवाज आवडावा, तसंच हे.

बाजारात ढोबळ वर्गवारी आहे ती अशी. रोजच्या गाडीचे कॅम बहुधा अडीचशे अंशांच्या आगेमागे असतात. दोनशे साठ-सत्तरचा 'फास्ट रोड', दोनशे ऐंशी-नव्वदचा रॅलीचा, आणि तीनशेच्या पुढचा निव्वळ ट्रॅकचा. पण नुसता हा आकडा वाचून कॅम घेऊ नका. एक जण व्हॉल्व्ह जागचा हलल्यापासून अंश मोजतो, तर दुसरा लोबची उचल सव्वा मिलिमीटर, नेमकं सांगायचं तर १.२७ मिलिमीटर, झाल्यापासून मोजतो. तोच कॅम एका मापाने २७० भरतो, दुसऱ्या मापाने २३० सुद्धा भरत नाही. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच: अंश कुठून मोजलेत?

आता ताकदीचा हिशोब. शंभर न्यूटन-मीटर टॉर्क तीन हजार आरपीएमला मिळाला तर एकतीस किलोवॅट होतात. तोच सहा हजारला मिळवला तर त्रेसष्ट. मोठा कॅम टॉर्क फारसा वाढवत नाही, त्याला वर सरकवतो. खालचा काढून वर देतो. मग तुम्ही गाडी चालवता कुठे? लक्ष्मी रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, स्वारगेटच्या चौकात पहिल्यात. कात्रजचा घाट चढताना तिसऱ्यात अडीच-तीन हजारावर गाडीने ओढलं पाहिजे. साडेसहा हजारला फुलणारा कॅम घेऊन पुण्यात फिरणं म्हणजे फक्त पालखीच्या दिवशी उघडणारं दुकान भाड्याने घेणं. शिवाय ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, आणि ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. गर्दीत दोन-तीनदा ब्रेक दाबले की पेडल लाकडासारखं लागतं. याचा उल्लेख कुठल्याच जाहिरातीत नसतो.

बरं, हे सगळं ऐकूनही घ्यायचाच आहे. स्वस्तात काय मिळतं?

उत्तराआधी थोडं सोलापूरला जाऊन येऊ. १९९२ साली यतीन शाह यांनी तिथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू केली. आज जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती अशा कंपन्यांच्या इंजिनांना लागणारे कॅमशाफ्ट चादरींच्या गावातून जातात. मला याचं आश्चर्य वाटत नाही. साध्या विणीच्या यंत्रमागावर ताण्याचे धागे वर-खाली उचलणारा जो भाग असतो तो कॅमच आहे, आणि मागवाले त्याला टॅपेट म्हणतात. गॅरेजमध्ये आपण 'टॅपेट सेट करा' म्हणतो, तोच शब्द.

सोलापूरच्या त्या कारखान्यातलं तंत्र समजून घेण्यासारखं आहे, कारण स्वस्त कॅमचं सगळं मरण त्यात आहे. साच्यात जिथे लोब येणार तिथे धातूचे तुकडे बसवतात, त्यांना चिल म्हणतात. वितळलेलं लोखंड त्यांना टेकलं की झटकन थंड होतं आणि तेवढ्या भागात पांढरं, काचेसारखं कठीण लोखंड तयार होतं. बाकीचा दांडा साध्या बिडाचा, मशीनिंगला सोपा राहतो. म्हणजे कठीण कातडी फक्त लोबला, आणि तीही काही मिलिमीटरच. काही कॅमना हीच कातडी इंडक्शनने देतात, ती बहुधा आणखी पातळ असते.

आता रीग्राइंड. तुमचाच जुना कॅम ग्राइंडिंगवाल्याकडे द्यायचा, तो त्याला नवा आकार देतो. नव्या कॅमच्या मानाने पैसे पुष्कळच कमी लागतात. पण लोखंड वाढवता येत नाही, फक्त काढता येतं. टोक उंच करायचं तर टाच, म्हणजे टोकाच्या विरुद्धची गोल बाजू, खाली घ्यावी लागते. लोबला एक मिलिमीटर जास्त उचल हवी असेल तर टाचेचा व्यास दोन मिलिमीटरने घटतो. कातडी जाडीला पुरेशी असेल तर रीग्राइंड उत्तम चालतो. मी स्वतः केलेत, लोकांना करून दिलेत. कातडी संपली की काय होतं ते या टेबलावर आहे.

हा तिसरा लोब बोटाने चाचपा. टोक सपाट आहे. हा माझ्या एस्टीमचा. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण निम्मा गुन्हा माझा होता. किंमत ऐकून मी खूश झालो, कागद मागितला नाही. बसवताना रॉकरचे स्क्रू जवळजवळ शेवटच्या आट्यापर्यंत फिरवावे लागले, तेव्हाच थांबायला हवं होतं. शिवाय रॉकर जुनेच लावले. जुना रॉकर जुन्या लोबच्या संगतीने झिजलेला असतो, नव्याशी त्याचं पटत नाही. तीन हजार किलोमीटर झाले नसतील, टकटक सुरू झाली. ऑइल फिल्टर करवतीने कापून उघडला तर कागदाच्या घड्यांत चांदीचा वर्ख लावल्यासारखा लोखंडाचा चुरा. हेड खाली, ऑइल पंप खाली, सगळे बेअरिंग शेल नवे. स्वस्त कॅमचं बिल नव्या कॅमच्या दुपटीवर गेलं.

म्हणून किमतीच्या आधी कागद मागा. त्यावर ड्युरेशन दोन्ही मापांनी, लिफ्ट, लोबचे मध्य कुठे येतात, टॅपेटची गॅप किती आणि स्प्रिंग कुठली हवी, एवढं असलं पाहिजे. नाना पेठेत किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, कागद नसेल तर तो कॅम नाही, शोभेचा दांडा आहे. आणि हिशोब नुसत्या कॅमचा नको, स्प्रिंग, रॉकर, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, कार्बोरेटर असेल तर जेट आणि एमपीएफआय असेल तर मॅपिंग, हे सगळं धरून मांडा. माझ्या वहीत बाकीचा खर्च कॅमपेक्षा कमी झालेला एकही दाखला नाही.

नव्या कॅमने व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का ते पाहण्याचं काम मात्र फार स्वस्तात होतं. अप्पा बळवंत चौकात मुलांची क्ले मिळते, ती आणा. तिची पट्टी पिस्टनच्या डोक्यावर दाबून बसवा, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावा, जुन्या गॅस्केटवर हेड घट्ट करा, टायमिंग लावा आणि हाताने, स्टार्टरने नव्हे, क्रँकला दोन पूर्ण फेरे द्या. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका. हेड काढलं की क्लेमध्ये व्हॉल्व्हचा खड्डा उमटलेला दिसतो. ब्लेडने मधोमध कापा, सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावा. इनटेकला किमान दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच. एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापून लांबतो, आणि तो मिटत असताना पिस्टन त्याच्या पाठोपाठ वर येत असतो. स्प्रिंग एक क्षण जरी मागे पडली तरी गाठ पडते. हे काम मी पन्नास वेळा केलं असेल, पण क्ले कापताना अजूनही श्वास रोखला जातो.

आणि ज्याला खरोखरच कमी पैशात काही करायचंय त्याच्यासाठी माझं मत असं की कॅम बदलूच नका. जो आहे तो जागेवर आणा. जुन्या इंजिनाचं हेड एक-दोनदा घासून घेतलेलं असतं. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टवर चालणारा कॅम थोडा मागे पडतो. बेल्ट एका दात्याने सरकवून ते दुरुस्त होत नाही, कारण कॅमच्या पुलीला चाळीस दाते असतील तर एक दाता म्हणजे क्रँकचे अठरा अंश. पाहिजे असतात तीन-चार. त्यासाठी ॲडजस्टेबल पुली लागते, क्रँकवर लावायला अंशांची चकती, तारेचा काटा आणि एक डायल गेज. मूळचाच कॅम तीन-चार अंश पुढे घेतला तर खालचा टॉर्क सुधारतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाची गाडी अशी केली. त्याला रेसिंगचा कॅम हवा होता, तो आठवडाभर माझ्यावर रुसला होता. मग एकदा चार मित्र बसवून सिंहगडावर गेला आणि रात्री साडेदहाला बेल वाजवून सांगायला आला की वरच्या वळणांना पहिला गिअर टाकावा लागला नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं आहे. कॅम बाहेरून दिसत नाही हे खरं, पण ओव्हरलॅप वाढला की पीयूसीच्या नळीला तो कळतो. ट्रॅकची गाडी वेगळी ठेवा. बीएस ६ गाडीच्या तर वाटेला जाऊ नका, तिथे कॅम आणि ईसीयू यांचं लग्न कारखान्यातच लागलेलं असतं.

एवढं सांगूनही नवा कॅम बसवलात, तर लोबना मॉलिब्डेनमची पेस्ट लावा, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की आयडलिंगला सोडू नका. घसरत्या टॅपेटच्या किंवा रॉकरच्या इंजिनाला वीस मिनिटं दोन हजाराच्या वर ठेवा. लोबला तेल क्रँकच्या शिंतोड्यांनी मिळत असेल तर आयडलिंगला ते पुरत नाही. त्या वीस मिनिटांत कोणी चहाला हाक मारली तरी जायचं नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. कॅम टेबलावरच ठेवतो, जाताना तिसऱ्या लोबवरून बोट फिरवून बघा. शेजारी फडकं आहे, हाताला तेल लागेल.