डोळ्याचा उजेड आणि काचेचा उजेड



प्रारंभीच्या छायाचित्रकारांजवळ प्रकाश मोजण्याचे साधन नव्हते, हे सर्वश्रुत आहे. त्याहून बिकट अडचण अशी की, त्यांच्या डोळ्यांना दिसणारा उजेड आणि काचेवर परिणाम करणारा उजेड एकच नव्हता.

1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कोलोडियनच्या ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. या काचेवर निळ्या-जांभळ्या किरणांचाच परिणाम होई. त्यामुळे सायंकाळचे सोनेरी ऊन डोळ्यांना भरपूर वाटले, तरी काचेला अपुरे पडे. फोकसचीही तीच कथा. काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवरील उलटी प्रतिमा रेखीव करावी, तरी चित्र पुसटच यावे! जुन्या भिंगांत पिवळे आणि निळे किरण वेगवेगळ्या अंतरांवर एकवटत. लंडनमध्ये आंत्वान क्लोदे यांनी 1840 च्या दशकात या भेदाचा कसून अभ्यास केला. असे भिंग वापरणाऱ्यास डोळ्यांनी जुळविलेला फोकस मुद्दाम किंचित सरकवावा लागे. किती, हे त्या भिंगाच्या सहवासानेच कळे.

एक्स्पोजर म्हणजे भिंगावरचे झाकण काढून सेकंद मोजणे. त्यानंतर काच सुकण्यापूर्वी, थोड्या मिनिटांत, ती अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवावी लागे. माळव्याच्या उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखूड. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करणारे लाला दीनदयाळ 1874 च्या सुमारास या कलेकडे वळले, ते याच ओल्या काचेच्या काळात. पद्धत जाचक खरीच. परंतु चूक जागच्या जागी दिसे. सावल्या कोऱ्या राहिल्या तर एक्स्पोजर कमी पडले. आकृती झपाट्याने उमटून सर्वत्र करडेपणा पसरला तर जास्त झाले. लगेच दुसरी काच तयार करून अंदाज सुधारता येई. छायाचित्रकाराची दृष्टी घडली ती अशी.

1871 मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात रुळल्या. त्या घरी नेऊन सवडीने धुता येत. सोय मोठी झाली, पण चूक तिथेच दाखविणारा गुरू गेला. शिवाय काचा अधिक वेगवान झाल्याने मोजणीतला थोडासा फरकही भोवू लागला. एक्स्पोजरच्या तक्त्यांना आणि मापकांना मागणी आली ती त्यामुळे. 1890 मध्ये हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी केलेल्या मापकात संवेदनशील कागदाचा तुकडा उजेडात धरीत आणि तो ठरावीक छटेपर्यंत काळवंडण्यास किती सेकंद लागतात ते मोजीत. डोळ्यांच्या साक्षीवर विसंबण्याऐवजी त्यांनी रसायनालाच बोलते केले.